ख्रिस्ती माणसाचें राज्यसत्तेशीं नातें

(रेडिओवरील भाषण)



गेल्या निवडणुकीच्या दिवशीं सकाळीं खोपटच्या आमच्या मतदानकेंद्रावर मी रांगेंत उभा होतों. माझ्यापुढें आमच्याच इमारतींतले एक वृद्ध शेजारी होते. रांग पुढें सरकत नव्हती, तेव्हां साहजिकच बोलणें सुरू झालें. बोलतां बोलतां त्यांनीं विचारलें, "काय हो सर, तुमच्या धर्मांत मतदानाविषयीं कांहीं सांगितलें आहे का? तुमचा राजा तर स्वर्गांत बसलेला!" उपहास करावा असा त्यांचा हेतु मुळींच नव्हता. त्यांना खरोखरीचें कुतूहल होतें. मीं तेवढ्यापुरतें हंसून वेळ मारून नेली. परंतु बोटाला शाई लावून घेऊन घरीं परत येईपर्यंत तो प्रश्न कांहीं माझ्या मनांतून जाईना. आज मीं हा विषय घेतला आहे तो त्या प्रश्नाचें उत्तर देणें राहून गेलें म्हणून.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मतदानाविषयीं बायबलांत एक अक्षरहि नाहीं. असणार तरी कसें? ज्या काळीं नवा करार लिहिला गेला त्या काळीं रोमचा बादशहा कोणीं निवडावा, हें पॅलेस्टाईनमधल्या कोळ्यांना आणि सुतारांना कोणी विचारीत नव्हतें. कर भरावा आणि गप्प बसावें एवढाच त्यांचा राज्यकारभारांतला भाग. त्या कराविषयींच येशूला एकदां पेंचांत धरण्यांत आलें. कैसराला कर देणें योग्य कीं अयोग्य, असा तो प्रश्न होता. योग्य म्हणावें तर गांजलेली प्रजा रुष्ट होणार. अयोग्य म्हणावें तर रोमी अधिकाऱ्यांच्या हातीं आयतें कोलीत मिळणार. येशूनें एक नाणें मागून घेतलें. (तें त्याच्याजवळ नव्हतें, मागावें लागलें, ही गोष्ट मला नेहमीं अर्थपूर्ण वाटत आली आहे.) नाण्यावर मुद्रा कोणाची, असें त्यानें विचारलें, आणि कैसराची आहे असें उत्तर मिळाल्यावर कैसराचें देणें कैसराला आणि देवाचें देवाला देण्यास त्यानें सांगितलें.

या प्रसंगाचा अर्थ पुष्कळ लोक असा करतात कीं, जगाची जणूं दोन वाटण्यांत विभागणी झाली: आठवड्याचे सहा दिवस कैसराचे आणि रविवारची सकाळ देवाची. मला हा अर्थ कधींच पटला नाहीं. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंत तर्तुलियन नांवाचा एक तिखट लेखणीचा ख्रिस्ती ग्रंथकार होऊन गेला. त्यानें या गोष्टीचें मर्म बरोबर पकडलें. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, म्हणून नाणें कैसराला द्यावें. परंतु माणसावर प्रतिमा आहे ती देवाची, म्हणून माणूस देवाला द्यावा. याचा अर्थ असा कीं, राज्यसत्तेला माझा पैसा मागतां येईल, माझें श्रम मागतां येतील, कायद्याचें पालन मागतां येईल. समूळ मला मात्र मागतां येणार नाहीं. वांटणी झाली आहे खरी, पण ती समसमान नाहीं.

संत पौलानें रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा, कर भरण्याचा आणि ज्याचा मान त्याला देण्याचा उपदेश केला आहे. तो वाचून पौल म्हणजे सत्तेपुढें मान तुकवणारा मनुष्य होता असें कोणास वाटेल. परंतु त्याचें चरित्र पाहावें. फिलिप्पै शहरांत त्याला चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत टाकलें. दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं गुपचुप निघून जा म्हणून निरोप धाडला, तेव्हां हा गृहस्थ जागचा हलेना. आम्ही रोमी नागरिक आहों, आम्हांला चारचौघांत मारलें, आतां त्यांनीं स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावें, असा त्यानें हट्ट धरला; आणि अधिकाऱ्यांना यावें लागलें. पुढें न्याय मिळत नाहीं असें पाहून त्यानें थेट कैसराकडे दाद मागितली. अधीनता आणि हक्काची मागणी या दोन गोष्टी त्याला परस्परविरुद्ध वाटल्या नाहींत. जो कायदा मी पाळतों तो तुम्हीहि पाळा, असें अधिकाऱ्याला ठणकावून सांगणें हाहि त्याच्या मतें राज्याचा मानच होता.

हा झाला ग्रंथांतला भाग. आतां आपल्या ठाण्याकडे वळूं.

खोपटच्या एस.टी. आगारापासून निघून मासुंदा तलावाकडे चालत गेलें तर तलावाच्या कांठीं पोर्तुगीज काळापासूनचें संत जॉन बाप्तिस्ताचें देऊळ लागतें. (आमच्याकडचीं जुनीं माणसें चर्चला देऊळच म्हणतात, मलाहि तोच शब्द जवळचा वाटतो.) तेथें रविवारीं गर्दी करणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें कीं, पोर्तुगीज येण्याच्या दोनशें वर्षें आधीं या गांवीं ख्रिस्ती कुटुंबें राहत होतीं. १३२१ सालीं चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधु, तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस, ठाण्यास उतरले व एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबांत राहिले. त्या घरांत नवराबायकोचें भांडण होऊन तें काजीपुढें गेलें. साक्षीदार म्हणून या साधूंना बोलावणें आलें. साक्षीवरून गोष्ट धर्माच्या वादावर गेली आणि अखेर चौघांना प्राणांस मुकावें लागलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं ओडोरिक नांवाचा प्रवासी ठाण्यास आला. त्यानें त्यांच्या अस्थि बरोबर नेल्या आणि हा वृत्तांत लिहून ठेवला. त्याच्या म्हणण्याप्रमाणें, ही हकीकत कळल्यावर दिल्लीच्या सुलतानानें ठाण्याच्या अधिकाऱ्याला जाब विचारून शासन केलें.

या कथेंत दोन गोष्टी माझ्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारख्या आहेत. ते साधु न्यायालयांत गेले ते साक्ष देण्याचें साधें नागरी कर्तव्य करण्यासाठीं. तें त्यांनीं टाळलें असतें तर कदाचित् चीनपर्यंत सुखरूप पोंचले असते. आणि दुसरी अशी कीं, त्यांच्या मृत्यूचा जाब ज्यानें विचारला तो राजा त्यांच्या धर्माचा नव्हता. राज्य न्यायी असण्यासाठीं तें आपल्याच धर्माचें असावें लागतें, ही समजूत ठाण्याच्या इतिहासाला तरी ठाऊक नाहीं.

उलट, राज्य आपल्याच धर्माचें झालें म्हणजे काय होतें, हेंहि या गांवानें पाहिलें आहे. १५३४ सालीं साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. चर्चें उभीं राहिलीं, मठ उभे राहिले. आणि धर्माचा प्रसार राजाच्या हुकुमाच्या आधारें होऊं लागला. गोव्यांत १५६० सालीं सुरू झालेली धर्मन्यायसभा, जिला आपण इन्क्विझिशन म्हणतों, कायमची बंद झाली ती १८१२ मध्यें. त्या काळाविषयीं लिहितांना आमच्यांतले कांहीं लेखक सारवासारव करतात. मला ती करावीशी वाटत नाहीं. देवाचें होतें तें कैसराच्या हातीं सोपवल्याचा तो परिणाम होता, आणि त्याची किंमत आमच्या हिंदु शेजाऱ्यांनीं मोजली.

पुढें १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेपुढें वसई पडली. पोर्तुगीज कारभारी आणि परदेशी पाद्री गेले. परंतु गांवोगांवचे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी जागचे हलले नाहींत. वसईच्या तहांत मागें राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवलेली होती. ठाण्यांत पेशव्यांचें राज्य सुमारें सदतीस वर्षें राहिलें. पाठीराखा राजा गेल्यावरहि ही श्रद्धा टिकली, याचें मला मोठें अप्रूप वाटतें. पोर्तुगीजांच्या दोन शतकांपेक्षां या सदतीस वर्षांत आमच्या पूर्वजांनीं नवा करार अधिक चांगल्या रीतीनें पाळला असावा, असें माझें मत आहे.

१७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. त्यांच्या अमलांत ठाण्यांत सेंट जेम्सचें चर्च झालें. १८२५ सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर यांनीं त्याचें अर्पण केलें. अँग्लिकन उपासनेंत राजाचें नांव घेऊन प्रार्थना करण्याची रीत होती. राजे बदलले, तसतशीं प्रार्थनेंतलीं नांवें बदललीं. पुढें राजाच गेला, आणि त्याच बांकांवर बसून त्याच परंपरेंतले लोक भारताच्या राष्ट्रपतींसाठीं व मंत्र्यांसाठीं प्रार्थना करूं लागले. कोणी याला संधिसाधूपणा म्हणेल. परंतु राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करण्याचा जो उपदेश पौलानें तीमथ्याला केला, त्यांत राज्यकर्ता आवडता असावा अशी अट नाहीं. शिवाय ज्याच्यासाठीं दर आठवड्याला प्रार्थना करावयाची त्याचा आंधळा द्वेषहि करतां येत नाहीं आणि आंधळी भक्तीहि करतां येत नाहीं. कारण ज्याला आशीर्वादाची गरज आहे तो देव असूं शकत नाहीं.

इंग्रजी अमलांतल्या आमच्या वागण्याविषयीं मात्र सगळेंच अभिमानानें सांगण्यासारखें नाहीं. मुंबई, साष्टी आणि वसईकडच्या जुन्या ख्रिस्ती समाजानें १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या मुहूर्तावर, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. गोव्याहून नोकरीसाठीं येणाऱ्यांपासून आपण वेगळे आहों, आपण कंपनी सरकारची जुनी प्रजा आहों, हें साहेबाच्या लक्षांत यावें हा त्यांतला एक प्रमुख हेतु होता. पोटासाठीं माणूस काय करीत नाहीं! मी त्यांना दोष देत नाहीं. पण नोकरी देणाऱ्या सरकारशीं निष्ठा आणि राज्यसत्तेविषयींचें ख्रिस्ती कर्तव्य या दोन गोष्टी एक नव्हेत.

हें ज्यानें ओळखलें असा एक पुरुष त्याच समाजांतून निघाला. माझगांवचे जोसेफ बाप्तिस्ता, जन्म १८६४. केंब्रिजला कायदा शिकून आलेले बॅरिस्टर. लोकमान्य टिळकांचे स्नेही आणि वकील. १९१६ सालीं टिळकांच्या होमरूल लीगचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. १९२० सालीं देशांतल्या कामगारांची पहिली मध्यवर्ती संघटना, आयटक, स्थापन झाली तींत त्यांचा पुढाकार होता. १९२५ मध्यें ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना काका म्हणत. त्यांनीं आपला धर्म लपविला नाहीं, कायदा हातीं घेतला नाहीं, आणि कायद्याच्याच मार्गानें त्या राज्याला निरोप देण्याची तयारी चालविली. फिलिप्पैच्या तुरुंगांत हट्ट धरून बसलेल्या पौलाची आठवण मला बाप्तिस्तांच्या चरित्रावरून होते. अधीनता म्हणजे मौन नव्हे, हें समजावून सांगण्यासाठीं आमच्या मुलांना याहून जवळचें उदाहरण सांपडणार नाहीं. पण आमच्या घरांतून संतांच्या तसबिरी असतात, काकांची क्वचित् दिसते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणखी एक प्रसंग आला. ऑगस्ट १९४७ मध्यें घटनासमितीनें मद्रास आणि मुंबई प्रांतांच्या विधिमंडळांत ख्रिस्ती लोकांसाठीं राखीव जागा ठेवण्याचें ठरविलें होतें. मे १९४९ मध्यें धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला. घटनासमितीचे उपाध्यक्ष डॉक्टर हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती. त्यांनीं या निर्णयाचें समर्थन केलें. हातीं आलेली सवलत आपण होऊन परत करणारे लोक राजकारणांत थोडे. विधिमंडळांत आपलीं चार माणसें बसविण्यापेक्षां शेजाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबावें, असा तो कौल होता. तो शहाणपणाचा ठरला कीं नाहीं, याविषयीं आमच्यांत आजहि वाद होतो. माझ्यापुरतें म्हणाल तर तो ख्रिस्ती कौल होता, एवढें मी खात्रीनें म्हणेन.

आतां कर्तव्याच्या सीमेविषयीं. वरिष्ठ सभेनें येशूच्या नांवानें बोलूं नका अशी ताकीद दिली तेव्हां पेत्रानें मनुष्यांपेक्षां देवाची आज्ञा मोठी, असें सरळ सांगितलें. ही सीमा आहे, आणि ती आपल्या देशांतहि एकदां न्यायालयांत तपासली गेली. १९८५ सालीं केरळांत यहोवाचे साक्षी या पंथाच्या तीन भावंडांना शाळेंतून काढलें. कारण राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहत, पण आपल्या श्रद्धेमुळें गात नसत. त्या पंथाचीं मतें मला पटत नाहींत, आणि राष्ट्रगीत मी मोठ्यानें म्हणतों. परंतु ऑगस्ट १९८६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या मुलांच्या बाजूनें निकाल दिला तेव्हां माझाहि कांहींतरी लाभ झाला असें मला वाटलें. तीं मुलें राष्ट्राचा अपमान करीत नव्हतीं. उभें राहून तीं मान देत होतीं. त्यांच्या ओठांवर मात्र सत्ता चालणार नाहीं, असें त्याच सत्तेच्या न्यायाधीशांनीं सांगितलें. आपल्या अधिकाराची कड कोठें संपते हें जें राज्य स्वतःच्या तोंडानें सांगतें, त्याचे कर भरावयास मला आनंद वाटतो.

विरोध करण्याचें कर्तव्य दरवेळीं धर्माच्याच प्रश्नावरून येतें असेंहि नाहीं. वसई तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होता. १९८० नंतरच्या दशकांत तेथल्या विहिरींचें पाणी टँकरनीं उपसलें जाऊं लागलें, बागायती जमिनींवर इमारतींचें आक्रमण होऊं लागलें, आणि दांडगाईपुढें सामान्य माणूस बोलेनासा झाला. तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळींत पुढें झाले. मराठींत उत्तम लिहिणारा हा धर्मगुरु. 'सुवार्ता' मासिकाचा संपादक. पुढें २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. २०२४ मध्यें त्यांचें निधन झालें. पाण्याचा प्रश्न ख्रिस्ती लोकांचा नव्हता, सगळ्यांचा होता, आणि मोर्च्यांत सगळेच होते. धर्मगुरूनें राजकारणांत पडूं नये असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. विहीर आटत असतांना प्रवचन कशावर द्यावयाचें, हें मात्र त्यांपैकीं कोणी सांगितलें नाहीं.

आणि जेथें सरकारचें बरोबर असेल तेथें? रस्त्याकडेच्या क्रूसांचा प्रश्न घ्या. प्लेगच्या वर्षांत, म्हणजे १८९६ नंतर, आमच्या लोकांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारले. त्यांच्याशीं घराघरांतल्या मृतांच्या आठवणी जडलेल्या आहेत. ते जुने आहेत, पुष्कळ खासगी जागेंत आहेत, आणि त्यांच्यासाठीं कागदपत्र घेऊन भांडणें योग्यच. परंतु सप्टेंबर २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक जागेंत कोणत्याहि धर्माचें नवें अनधिकृत बांधकाम होऊं देऊं नये असा आदेश दिला. त्यानंतर रातोरात एखादा चबुतरा बांधून त्यावर क्रूस ठेवणें, ही भक्ति नव्हे. ज्या पादचाऱ्याची वाट त्यानें अडते त्याच्यासाठींच क्रूस उभा आहे, असें आम्हीच सांगतों ना?

हें सगळें बोलणें सोपें आहे. आतां एक अवघड गोष्ट सांगतों, आणि मग आपली रजा घेतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं खोपटला मीं दोन खोल्या विकत घेतल्या. विकणाऱ्यानें सांगितलें, निम्मी रक्कम कागदावर दाखवूं, निम्मी रोख द्या. तुमचें मुद्रांकशुल्क वांचेल, माझा कर वांचेल. सगळे तसेंच करीत असत. मी शिक्षक माणूस, पैशाची ओढाताण. मीं मान हलविली. निबंधकाच्या कचेरींत खोट्या आंकड्याखालीं मीं सही केली. तो शुक्रवार होता. दोन दिवसांनीं देवळांत नेहमींप्रमाणें राज्यकर्त्यांसाठीं, त्यांनीं सचोटीनें कारभार करावा म्हणून, प्रार्थना झाली, आणि सर्वांबरोबर मीहि तिला रुकार दिला. शेजारीं बसलेल्या माझ्या पत्नीनें माझ्याकडे पाहिलें. ती कांहींच बोलली नाहीं. कैसराचें नाणें माझ्या खिशांत होतें, आणि तें माझें नव्हतें.

पौलाच्या काळीं कैसर दूर रोममध्यें होता. आज त्याच्या आसनाचा एक लहानसा तुकडा मतदारयादींत माझ्या नांवावर लावलेला आहे, तसा तो माझ्या शेजाऱ्यांच्याहि नांवावर आहे. मीं बुडविलें तें कोणा बादशहाचें नव्हतें. ज्या रस्त्यावरून माझे विद्यार्थी शाळेंत येत, ज्या सरकारी रुग्णालयांत त्यांच्या आया बाळंत होत, त्यांचें तें होतें.

मुलें मोठीं झालीं तेव्हां त्या खोल्या विकावयास काढल्या. पहिल्या ग्राहकानें तीच जुनी सूचना केली. मी नको म्हणतांच तो, "मग राहूं द्या, सर," म्हणून उठून गेला. दुसराहि गेला. तिसऱ्यानें पूर्ण रक्कम कागदावर लिहिण्याचें कबूल केलें, मात्र भाव उतरवून घेतला. तोपर्यंत आठ महिने लोटले होते आणि नव्या घराचे हप्ते डोक्यावर बसले होते. त्या आठ महिन्यांत पत्नीनें एकदांहि मला टोंकलें नाहीं. निबंधकाच्या कचेरींतून परत येतांना तिनें एवढेंच विचारलें, "या वेळीं आंकडा खरा लिहिलात ना?" मीं पावती तिच्या हातांत दिली.

शेजाऱ्यांना अजून उत्तर द्यावयाचें आहे. उद्यां सकाळीं तलावपाळीला ते फिरावयास येतील, तेव्हां देईन.